दट्ट्याचे वजन आणि वादकाचे बोट



वसंत व्याख्यानमालेत संतवाङ्मय यावे, शेती यावी, राज्यकारभार यावा, हे आपल्या अंगवळणी पडले आहे. पितळी वाद्यातील दट्ट्याच्या वजनावर कोणी तासभर बोलणार, हे फलकावर वाचून काहींना हसू आले असेल. काही मंडळी विहिरीवरच्या इंजिनाच्या दट्ट्याविषयी ऐकायला मिळेल या आशेने आली असतील. त्यांचीही फारशी निराशा होणार नाही. नळकांडे, त्यात वरखाली होणारा दट्ट्या, दोहोंच्या मध्ये तेलाचा पातळ थर आणि त्यात शिरलेला कचरा, हा संसार दोन्हीकडे सारखाच आहे.

हा विषय मी घेतला त्याला कारण आहे. सध्या लग्नसराई आहे. नरखेड असो, मोवाड असो, जलालखेडा की सावरगाव असो, या दिवसांत संध्याकाळ झाली की कोठून तरी ब्यांडाचा आवाज येतोच. आपल्यापैकी पुष्कळांनी शास्त्रोक्त गाण्याची बैठक वर्षातून एकदा ऐकली असेल किंवा नसेलही. पण ब्यांड आपण सर्वांनी ऐकलेला आहे आणि त्यावर मते दिलेली आहेत. त्या मतांत एक ठरलेले मत असते : ‘ट्रम्पेटवाल्याचा हात जड आहे.’ सूर चुकला नाही, ताल चुकला नाही, पण जलद जागा आली की गाणे चिखलातून चालल्यासारखे वाटते. आपण हे बोलून घरी जातो. पण त्या वादकाच्या दृष्टीने ही गोष्ट एवढ्यावर संपत नाही. पुढच्या सुपारीत त्याला पुढे उभे करायचे की मागे, त्याच्या रात्रीचे किती द्यायचे, हे अशाच मतांवरून ठरते. तेव्हा हात जड आहे की हाताखालचा दट्ट्या जड आहे, हा प्रश्न निदान एकदा नीट विचारला पाहिजे.

प्रथम वाद्याची रचना पाहू. साधे बिगूल घ्या. त्याला एकही चावी नसते. ओठ कमीअधिक आवळून त्यातून मोजकेच सूर निघतात. पलटणीतले बिगुलाचे सारे इशारे पाच सुरांत भागवलेले असतात. नळीची लांबी ठरलेली, म्हणून सूरही ठरलेले. मधले सूर हवे असतील तर नळीची लांबी क्षणात वाढवता आली पाहिजे. दट्ट्याचे काम एवढेच. बोटाने बटण दाबले की दट्ट्या खाली जातो, त्याच्या अंगातली भोके नळकांड्याच्या भोकांसमोर येतात आणि वारा सरळ न जाता एका जादा वळणातून फिरून पुढे जातो. आपल्या ब्यांडमध्ये सर्रास दिसणाऱ्या ट्रम्पेटची नळी उलगडली तर सुमारे १ मीटर ४८ सेंटिमीटर भरते. मधला दट्ट्या तिच्यात सुमारे ९ सेंटिमीटरची भर घालतो आणि सूर अर्ध्या स्वराने उतरतो. पहिला दट्ट्या सुमारे १८ सेंटिमीटर वाढवतो, एक स्वर उतरतो. तिसरा सुमारे २८ सेंटिमीटर, दीड स्वर. या तिघांच्या जोडण्यांतून सारे बारा स्वर उभे राहतात.

ही युक्ती जर्मनीत निघाली. प्लेस येथील राजपुत्राच्या पदरी असलेला शिंगवादक हाइन्रिख श्टोल्ट्सेल आणि त्याचा समकालीन फ्रीडरिख ब्ल्यूमेल या दोघांनी मिळून १८१८ साली प्रशियात तिचे एकस्व घेतले. पुढची वीस वर्षे हा दट्ट्या कसा असावा यावर कारागीर झगडत होते. बर्लिनमध्ये लष्करी ब्यांडचा सुधारक विल्हेल्म वीप्रेख्ट याने १८३३ च्या सुमारास आखूड आणि जाड दट्टे पुढे आणले. त्यांत वाऱ्याला वाट मोकळी मिळे, दाबण्याचे अंतरही थोडे असे. पण जाड दट्ट्या म्हणजे धातू अधिक आणि घासणारा पृष्ठभागही अधिक. व्हिएन्नात योजेफ रीडल याने १८३५ च्या सुमारास दट्ट्या सोडून फिरणारी झडप पसंत केली. शेवटी १८३८-३९ च्या सुमारास पॅरिसच्या फ्रांस्वा पेरिने याने जो दट्ट्या बनवला तो बारीक, हलका आणि वाऱ्याला फारशी कोंडी न करणारा ठरला. आज आपल्या वरातीत वाजणाऱ्या ट्रम्पेटमध्ये मूळ रचना त्याचीच आहे. या दट्ट्यावर बोटे किती पळू शकतात हे ज्याँ-बातिस्त आर्बां या कॉर्नेटवादकाने आपल्या १८६४ च्या ग्रंथात घालून दिले, आणि त्यातले पाठ आजही जगभर घोटले जातात. सांगायचा मुद्दा असा की, दट्ट्याचे वजन हा आजकालच्या शौकिनांनी काढलेला नाद नव्हे. या यंत्राच्या जन्मापासून कारागीर त्याच्याशी झुंजत आले आहेत.

ही वाद्ये आपल्याकडे आली ती पलटणींबरोबर. आपल्याच जिल्ह्यातली कामठीची छावणी १८२१ साली वसली. देशात ठिकठिकाणी अशा छावण्यांतून, संस्थानिकांच्या दरबारांतून ब्यांड बसले. त्यांतले वादक आणि वाद्ये हळूहळू गावांत उतरली आणि त्यांतून लग्नाचा ब्यांड तयार झाला. वाद्ये करण्याचा मोठा धंदा मेरठला वाढला. तेथील नादिर अली यांची पेढी १८८५ सालची आहे. आज देशभरच्या लग्नाच्या ब्यांडांत मेरठची वाद्ये दिसतात. ग्रेगरी बूथ या संशोधकाने या साऱ्या ब्यांडवाल्यांवर ‘ब्रास बाजा’ नावाचे पुस्तक २००५ साली प्रसिद्ध केले. परक्या देशातला मनुष्य येऊन आपल्या वरातीचा इतका बारकाईने अभ्यास करतो, आणि आपण मात्र त्या वादकाचे नावसुद्धा विचारत नाही, हे येथे जाता जाता सांगितले तर राग नसावा.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. दट्ट्याचे वजन बोटाला कळते कसे? एखादी वस्तू तळहातावर ठेवून आपण तिचे वजन अजमावतो, तसे येथे होत नाही. दट्ट्या बोटावर ठेवलेला नसतो. तो स्प्रिंगवर तोललेला असतो. खाली दाबताना तर त्याचे वजन बोटाच्याच बाजूने असते, कारण जड वस्तू खाली जायला उत्सुकच असते. अडचण होते ती परत येताना. बोट उचलले की स्प्रिंगने दट्ट्याला वर ढकलायचे असते. त्या वेळी वजन स्प्रिंगच्या विरुद्ध उभे राहते. शिवाय जो पदार्थ जितका जड तितका तो हलायला आणि थांबायला नाखूष. रिकामी बैलगाडी आणि संत्र्यांनी भरलेली बैलगाडी यांत हा फरक आपण रोज पाहतो. भरलेली गाडी हलवायला जोर लागतो, आणि एकदा चालू लागली की थांबवायलाही लागतो. जड दट्ट्या उशिरा निघतो आणि वर पोचल्यावर टोपणावर अधिक जोराने आदळतो. तो ठोका वादकाच्या बोटाला जाणवतो, आणि वाद्य जुने असेल तर पहिल्या रांगेतल्या वऱ्हाडालाही ऐकू येतो.

हा उशीर किती? थोडे गणित करू, भिण्यासारखे नाही. समजा दट्ट्या, त्याची दांडी आणि बटण मिळून ४० ग्रॅम वजन आहे. समजा स्प्रिंग सरासरी २५० ग्रॅम वजनाइतक्या जोराने वर रेटते, आणि दट्ट्याला १७ मिलिमीटर अंतर जायचे आहे. घासण तूर्त बाजूला ठेवू. अशा वेळी दट्ट्या सुमारे २६ मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या हजार भागांपैकी २६ भागांत, वर येतो. आता बाकी सारे तेच ठेवून दट्ट्या ६० ग्रॅमचा करा. वेळ होतो सुमारे ३३ मिलिसेकंद. फरक सात हजारांशांचा. तुम्ही म्हणाल, एवढ्यासाठी का हे व्याख्यान? पण जलद चालीच्या गाण्यात, मिनिटाला १२० ठोके आणि एका ठोक्यात चार सूर असतील, तर एका सुराच्या वाट्याला १२५ मिलिसेकंद येतात. त्यातला चौथा हिस्सा दट्ट्या वाटेतच घालवू लागला, की त्या काळात भोके अर्धी उघडी, अर्धी मिटलेली राहतात आणि सूर धड इकडचा ना तिकडचा होतो. चिखलातून चालल्यासारखे जे वाटते ते हेच.

पण याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. दट्ट्या हळू येतो असे दिसले की वादक काय करतो? तो स्प्रिंग कडक करतो. ६० ग्रॅमचा दट्ट्या पुन्हा २६ मिलिसेकंदांत वर यावा अशी इच्छा असेल, तर स्प्रिंग किती कडक हवी? हिशेब अगदी सरळ आहे. वजन दीडपट, तर जोरही दीडपट : २५० च्या जागी ३७५. दट्टा पुन्हा चपळ झाला. पण आता प्रत्येक वेळी बटण दाबताना, दट्ट्याचे वाढलेले वजन बोटाच्या बाजूने धरूनही, बोटाला १०५ ग्रॅमचा जादा भार सोसावा लागतो. दट्ट्याचे वजन हे सावकाराच्या कर्जासारखे आहे. स्प्रिंग ते फेडल्यासारखे दाखवते, आणि शेवटी वसुली बोटाकडून होते.

ती वसुली किती? वरात तीन तास चालली आणि एक बोट सरासरी सेकंदाला एकदा दाबले गेले असे धरू. तीन तासांत १०,८०० वेळा. प्रत्येक वेळी १०५ ग्रॅम जादा, १७ मिलिमीटर अंतर. सारे मिळून हा जादा खटाटोप सुमारे १९ किलोचे ओझे एक मीटर उंच उचलण्याइतका होतो. संत्र्यांची पेटी ट्रकवर चढवणाऱ्या हमालाला हे काहीच नव्हे. पण येथे ती पेटी एका बोटाने उचलायची आहे, तीही थेंबाथेंबाने, चालत, वाजवत, डोक्यावरच्या दिव्यांच्या उजेडात. त्यात निसर्गाने आणखी एक गंमत करून ठेवली आहे. मूठ अर्धवट मिटून मेजावर हात ठेवा आणि एकेक बोट वेगळे उचलून पाहा. अनामिका लवकर उचलत नाही, कारण तिचे स्नायुबंध शेजारच्या बोटांशी बांधलेले असतात. तिसरा दट्ट्या तिच्याच वाट्याला आलेला आहे. वरातीच्या दुसऱ्या तासाला ट्रम्पेटवाला अडखळतो तो बहुधा जेथे तिसरा दट्ट्या लागतो तेथे. मग आपण म्हणतो, हात जड आहे.

ट्रम्पेटचे हे झाले. युफोनियमचे दट्टे त्याहून बरेच मोठे. नळीची पोकळी रुंद असल्यामुळे भोकेही मोठी आणि दाबण्याचे अंतरही अधिक. त्यात चांगल्या प्रतीच्या काही युफोनियमांत आणखी एक सोय असते. पहिला आणि तिसरा दट्ट्या एकदम दाबला की नळी हवी त्यापेक्षा थोडी आखूड भरते आणि सूर चढा लागतो. हा दोष घालवण्यासाठी इंग्लंडच्या डेव्हिड ब्लेकली याने १८७४ साली एक रचना काढली. त्यात वारा दट्ट्यांतून दुसऱ्यांदा फिरतो आणि उणे पडलेली लांबी आपोआप भरून निघते. सूर सुधारला, पण दट्ट्याला भोकांची दुसरी रांग आली, तो लांब झाला, जड झाला. सुरेलपणा आणि चपळाई या दोन बहिणी एका घरात नांदायला तयार नसतात, याचे हे चांगले उदाहरण आहे. म्हणून युफोनियमवाल्याने ट्रम्पेटच्या बरोबरीने पळावे अशी अपेक्षा करणे म्हणजे भरल्या गाडीने शंकरपटात धावावे अशी अपेक्षा करणे होय. जाणता ब्यांडमास्तर त्याला लांब, भरदार सूर देतो आणि पळापळ ट्रम्पेट-क्लॅरिओनेटकडे ठेवतो.

एवढे ऐकून कोणी म्हणेल, मग हलक्या धातूचे दट्टे बसवून घ्यावेत, प्रश्न मिटला. विक्रेतेही हेच सांगतात, आणि येथे थोडे सावध राहिले पाहिजे. दट्टे बहुधा पितळेवर निकेलचा मुलामा दिलेले असतात, किंवा मोनेल नावाच्या मिश्रधातूचे, नाहीतर स्टेनलेस पोलादाचे. मोनेल म्हणजे सुमारे दोन भाग निकेल आणि एक भाग तांबे. आता त्यांचे वजन पाहा. एक घनसेंटिमीटर पितळ सुमारे साडेआठ ग्रॅम भरते, मोनेल ८.८, निकेल ८.९ आणि स्टेनलेस पोलाद सुमारे ७.९. म्हणजे यांपैकी कोणताही धातू घेतला तरी फरक रुपयाला एकदोन आण्यांचा. मोनेल वापरतात ते हलके म्हणून नव्हे. ते कठीण असते, लवकर झिजत नाही आणि लाळेने गंजत नाही म्हणून. खरोखर हलके ॲल्युमिनियम, २.७, पण ते मऊ, झिजणारे आणि पितळेच्या संगतीत ओल लागली की खराब होणारे. दट्ट्याचे वजन धातूच्या नावापेक्षा त्याच्या भिंतीच्या जाडीवर अधिक अवलंबून असते. पातळ भिंतीचा दट्ट्या करायला कारागिराचा हात हवा, आणि किंमत पडते ती त्या हाताची. जाड पत्र्याचा दट्ट्या करणे सोपे व स्वस्त. म्हणून स्वस्त वाद्य पुष्कळदा बोटाला जड लागते.

काही हौशी मंडळी बटणांवर रंगीत दगड बसवून घेतात. दिसायला ते झकास. पण बटण दट्ट्याबरोबर वरखाली होत असते. चार-पाच ग्रॅमचा दगड म्हणजे ४० ग्रॅमच्या दट्ट्यावर दहा-बारा टक्के भर. धातू बदलण्यासाठी शेकडो रुपये मोजून जे कमवायचे, ते अशा दगडापायी घालवायचे, हा व्यवहार काही शहाणपणाचा नव्हे. याच्या उलट नळकांड्याच्या तळाचे टोपण जड असले तर बोटाला काही फरक पडत नाही, कारण टोपण हलत नाही. ते वजन डाव्या हाताला लागते, बोटाला नाही. हलणारे वजन आणि न हलणारे वजन यांची ही फोड लक्षात ठेवली तर दुकानातली निम्मी बडबड आपोआप गळून पडते.

आता ज्या गोष्टीला मघाशी गणितातून बाजूला काढले ती घासण पुन्हा घेऊ, कारण माझ्या मते आपल्याकडच्या ब्यांडांत निम्म्याहून अधिक दुखणे तेथे आहे. चांगल्या वाद्यात दट्ट्या आणि नळकांडे यांच्यामधली फट केसाच्या जाडीहूनही कमी असते. एवढ्या फटीत तेलाचा थर राहायचा असतो. तेथे आपण काय घालतो? रॉकेल घातले तर ते पातळ. काही वेळ दट्ट्या सुळकन पळतो आणि मग उडून गेल्यावर कोरडा पडतो. खोबरेल घातले तर उन्हाळ्यात ठीक, पण ते साधारण २४ अंशांच्या खाली थिजू लागते. मार्गशीर्षातल्या लग्नात मध्यरात्री आपल्या भागात किती थंडी पडते हे सांगायला नको. वादक बिचारा म्हणतो दट्टे जड झाले. दट्टे जेवढे होते तेवढेच आहेत, तेल थिजले आहे. यासाठी दट्ट्यांचे म्हणून पातळ तेल मिळते. एक बाटली पुष्कळ दिवस पुरते.

दुसरी गोष्ट थोडी नाजूक आहे. वाद्य तोंडाने वाजवायचे असते, आणि तोंडात जे असते ते नळीत जाते. आमच्या विदर्भात तोंडात काय असते हे सर्वांना ठाऊक आहे. खर्र्यातला सुपारीचा एक कण दट्ट्यापर्यंत पोचला तर त्याच्यापुढे दहा ग्रॅम वजनाची काय मातब्बरी? धूळ, गुलाल, चहातली साखर यांचेही तेच. वाजवण्यापूर्वी चूळ भरणे ही सर्वांत स्वस्त दुरुस्ती आहे. तिसरी गोष्ट वाहतुकीची. टेम्पोत ढोलाखाली ट्रम्पेट दबले, नळकांड्याला बारीकसा पोचा आला, की दट्ट्या तेथे अंग घासतो. आणि चौथी सवयीची : बोट सपाट ठेवून दाबले की जोर सरळ खाली न जाता तिरपा जातो, दट्ट्या एका बाजूला रेटला जातो. बोटाची कमान करून टोकाने दाबावे, ही उस्तादांची शिकवण शोभेसाठी नाही.

मग एखाद्या वाद्यात दोष वजनाचा, स्प्रिंगचा की घासणीचा, हे ओळखायचे कसे? त्याला परदेशी यंत्र लागत नाही. ही परीक्षा नरखेडच्या बाजारात होऊ शकते. दट्टे एकेक करून बाहेर काढा. कोणता कोठला ही खूण मात्र ठेवा, कारण बहुतेक वाद्यांत त्यांवर आकडे असतात आणि अदलाबदल चालत नाही. तिन्ही दट्टे सोनाराच्या काट्यावर तोलून घ्या. नळकांडी आणि दट्टे धुऊन, मऊ फडक्याने पुसून, तेलाचे दोन थेंब सोडा. मग स्प्रिंग काढून ठेवून दट्ट्या नळकांड्यात सोडा. तो स्वतःच्या वजनाने, न अडखळता खाली सरकला पाहिजे. सरकला नाही तर दोष घासणीचा. वजनाचे नाव काढू नका. सरकला, तर स्प्रिंग घालून वाद्य उभे धरा आणि बटणावर वाण्याच्या तराजूतली वजने एकावर एक ठेवत जा. किती वजनाला बटण खचू लागते आणि किती वजनाला तळाला टेकते, हे दोन आकडे लिहा. तिन्ही दट्ट्यांचे आकडे जवळजवळ सारखे हवेत. नसतील, तर कोणी तरी एखादी स्प्रिंग हाताने ताणून ठेवली आहे असे समजावे. ताणलेली स्प्रिंग चार दिवस टवटवीत दिसते आणि मग पूर्वीपेक्षाही मलूल होते. शिवाय तीन बोटांना तीन निरनिराळे जोर लागले की बोटांची सांगड मोडते. बोट जडपणाला सरावते, पण तऱ्हेवाईकपणाला सरावत नाही. तीन नव्या सारख्या स्प्रिंगांना नव्या वाद्याच्या मानाने अगदीच थोडा पैसा लागतो.

हे सारे करूनही दट्टे हळूच येत असतील, आणि सोनाराच्या काट्याने ते त्याच जातीच्या दुसऱ्या वाद्यापेक्षा खरोखरच जड दाखवले, तरच वजन हा आरोपी ठरतो. एक शंका येथे पुष्कळांना येते. झिजलेल्या दट्ट्यावर पुन्हा मुलामा चढवला तर तो जड होणार नाही का? ट्रम्पेटच्या दट्ट्याच्या अंगावर मिलिमीटरच्या तीन शतांश जाडीचा थर चढवला तरी वजन एका ग्रॅमच्या आतच वाढते. तेव्हा ती भीती नको. झिजलेल्या दट्ट्यातून वारा निसटतो त्याचे नुकसान त्याहून फार मोठे आहे.

श्रोतेहो, आता समारोपाकडे येतो. दट्ट्याचे वजन खरे आहे, त्याचा परिणामही खरा आहे, पण बोटाला जे जड लागते ते एकट्या वजनाचे नसते. वजन, स्प्रिंग, तेल आणि कचरा या चौघांची ती एकत्रित सही असते. आणि या चौघांपैकी एकही वादकाच्या प्रतिभेशी संबंधित नाही. सगळ्यात जड, सगळ्यात झिजलेले वाद्य ब्यांडमध्ये कोणाच्या हाती येते? जो नवा आहे, जो गरीब आहे, त्याच्या. चांगले ट्रम्पेट मुख्य वादकाकडे, उरलेले पोराकडे. मग त्या पोराचा हात जड आहे असा निकाल आपण रस्त्याच्या कडेला उभे राहून देतो. शाळेत मोडक्या टाकाने लिहिणाऱ्या मुलाचे अक्षर वाईट म्हणून त्याला शेवटच्या बाकावर बसवण्यासारखेच हे झाले.

म्हणून ब्यांडमालकांना माझी विनंती आहे की, हंगाम सुरू होण्यापूर्वी पोशाखांच्या जरीवर जो खर्च करता त्यातला थोडा दट्ट्यांच्या तेलावर आणि स्प्रिंगांवर करा. एक दिवस सारी वाद्ये उघडून, धुऊन, तोलून, आकडे वहीत लिहून ठेवा. पुढच्या वर्षी कोणते वाद्य बिघडत चालले आहे हे वहीच सांगेल. आणि जे वाद्य सर्वांत हलके चालते ते निदान सरावापुरते तरी शिकाऊ मुलाच्या हाती द्या. त्याचे बोट खरोखर केवढे पळते ते तुम्हालाही कळेल आणि त्यालाही.

आपण श्रोत्यांनीही काही करण्यासारखे आहे. सुपारी ठरवताना आपण किती माणसे, किती दिवे, कोणती गाणी एवढेच विचारतो. तीन तासांच्या वरातीत वादकांना मध्ये पंधरा मिनिटे बसायला आणि पाणी प्यायला मिळेल, एवढी एक अट आपणच घालावी. अनामिकेचे स्नायू तेवढ्या विसाव्याने पुष्कळ सावरतात. आणि एखादी जागा घसरली, तर ‘हात जड आहे’ असे म्हणण्यापूर्वी एवढे मनात आणावे, की आपण ऐकतो तो सूर माणूस आणि यंत्र यांनी मिळून काढलेला असतो, आणि त्या दोघांपैकी बोलता येते ते एकालाच. तेही तोंडात वाद्य असल्यामुळे त्याला बोलता येत नाही.